मूठभर वस्तीची बेटे आणि कायद्याची छाननी

स्कॉटलंडच्या पश्चिमेस, अटलांटिक महासागरात, हेब्रिडीज बेटांपासूनही सुमारे चाळीस मैल दूर असलेल्या सेंट किल्डा येथील रहिवाशांनी १० मे १९३० रोजी स्कॉटलंडच्या कारभाराची सूत्रे ज्यांच्या हाती होती त्या मंत्र्यांकडे एक अर्ज रवाना केला. आपणांस या बेटावरून हलवावे आणि मुख्य भूमीवर घरे व कामधंदा मिळवून द्यावा, अशी त्यात विनंती होती. सरकारने अर्ज मंजूर केला. त्याच वर्षी २९ ऑगस्ट रोजी ‘हेअरबेल’ ही आरमारी नौका उरलेल्या ३६ माणसांना घेऊन निघाली, आणि शतकानुशतके नांदत आलेली एक वस्ती एका सकाळी संपुष्टात आली.

हा वृत्तांत वाचताना मनाला प्रथम जाणवते ते दुःख. परंतु दुःखापाशीच थांबणाऱ्याला त्यातील राज्यशास्त्र हाती लागत नाही. सेंट किल्डाच्या एकुलत्या एक रस्त्यावर, रविवार वगळून, दररोज सकाळी कर्ते पुरुष जमत. कड्यावर पक्षी धरायला जायचे की शेजारच्या बोरेरे बेटावर मेंढ्यांकडे, होडी कोणी न्यायची, दोर कोणी सांभाळायचा, याचा निवाडा तेथे होई. या सभेला अध्यक्ष नव्हता, दप्तर नव्हते, कामकाजाचे नियमही नव्हते. तरीही पकडलेले पक्षी घराघरांत वाटले जात आणि ज्या घरात कड्यावर उतरणारा पुरुष नसे त्या घरालाही त्याचा वाटा पोहोचे. बाहेरून येणारे प्रवासी तिला ‘सेंट किल्डाची पार्लमेंट’ म्हणत. ही सभा लोकांना उपाशी ठेवीत नव्हती, आपसात लढवीत नव्हती. ती हरली ती संख्येच्या हिशेबात. १८५२ साली ३६ जण ऑस्ट्रेलियाच्या वाटेला लागले. पहिल्या महायुद्धात बेटावर आलेल्या आरमारी तुकडीमुळे बाहेरच्या जगाशी जो नित्याचा संबंध जडला होता तो युद्ध संपताच तुटला, आणि तरुण एकामागून एक निघून गेले. १९२१ च्या शिरगणतीत ७३ माणसे होती, त्यांची नऊ वर्षांत निम्मीही उरली नाहीत. कड्यावर दोर धरायला आणि लाटांत होडी लोटायला जेवढे हात लागतात तेवढे हात शिल्लक नसले, म्हणजे त्या बेटावर राहणे हा इच्छेचा प्रश्न राहत नाही.

बेटावर एक सभा होती आणि लंडनमध्ये दुसरी. या दोहोंच्या मध्ये मात्र काही नव्हते. माणसांना हलवण्यासाठी नौका पाठवण्याचा अधिकार सरकारपाशी होता. परंतु त्यांना तेथेच राहता यावे म्हणून काय लागेल, असा प्रश्न वेळेवर विचारण्याचे बंधन कोणत्याही कचेरीवर कोणत्याही कायद्याने घातलेले नव्हते. असा प्रश्न विचारण्याचे बंधन कायद्यात कसे आणता येईल, आणि आणल्यावर ते कितपत पाळले जाते, हा पुढील पृष्ठांचा विषय होय. ग्रामीण भागासाठी होणाऱ्या कायद्यांची संसदेत होणारी छाननी आणि लहान बेटांवरील लोकवस्तीचे टिकणे, या दोन गोष्टी वरकरणी एकमेकींपासून दूरच्या दिसतात. त्यांचा संबंध किती निकटचा आहे, हे स्कॉटलंडच्या उदाहरणाने जितके स्पष्ट होते तितके अन्यत्र क्वचितच होत असेल.

प्रथम या बेटांचे स्वरूप ध्यानी घेतले पाहिजे. २०११ च्या जनगणनेत स्कॉटलंडच्या ९३ बेटांवर मनुष्यवस्ती आढळली, आणि त्या सर्वांची मिळून लोकसंख्या सुमारे १,०३,७०० भरली. म्हणजे देशाच्या लोकसंख्येचा जेमतेम पन्नासावा हिस्सा. ऑर्कनी, शेटलंड आणि पश्चिम हेब्रिडीज या तीन समूहांना स्वतःच्या स्वतंत्र नगरपालिकासदृश परिषदा आहेत. उरलेली बेटे मुख्य भूमीवरील परिषदांच्या अमलाखाली येतात. या तिन्ही समूहांचे दैवही सारखे नाही. २०११ ते २०२२ या अवधीत ऑर्कनीची वस्ती किंचित वाढली, शेटलंडची जवळपास स्थिर राहिली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे ४६,००० माणसे जेथे होती त्या पश्चिम हेब्रिडीजमध्ये ती २७,७०० च्या आसपासवरून २६,००० च्या घरात उतरली. शिवाय समूहाच्या बेरजेत लहान बेट लपून जाते. शेटलंडचा आकडा स्थिर आहे एवढे सांगितल्याने फूला अथवा फेअर आयल या, काही डझन माणसांच्या, बेटांचे काय चालले आहे ते कळत नाही.

काही डझन माणसांच्या वस्तीचे गणित शहराच्या गणिताहून वेगळे असते. शहरातून एक कुटुंब गेले तर एक घर रिकामे होते. लहान बेटावरून एक कुटुंब गेले तर शाळेच्या पटावरील दोन मुले कमी होतात, आणि दोनच मुले कमी झाल्याने शाळा बंद होण्याची वेळ येते. शाळा नाही म्हणून दुसरे कुटुंब येत नाही, येणारे नाही म्हणून दुकान परवडत नाही, उतारू नाहीत म्हणून बोटीची फेरी घटते, आणि फेरी घटली की उरलेल्यांतील कोणीतरी पुढचा निर्णय घेऊन मोकळे होतात. येथे कारण आणि कार्य एकमेकांच्या मागे चक्राकार धावत असतात, आणि त्या चक्राला बाहेरून लागलेला अगदी हलका धक्काही पुरतो. तो धक्का पुष्कळदा कायद्याचा असतो. आणि तो देणाऱ्यांच्या मनात बेटाविषयी वैरभाव मुळीच नसतो. मुख्य भूमीवरील सरासरी माणूस डोळ्यांपुढे ठेवून एखादे कलम लिहिले जाते, ते सर्वत्र सारखे लागू होते, आणि त्या समानतेतूनच बेटावर विषम परिणाम उपजतो.

ग्रामीण कायद्याचा स्कॉटलंडमधील इतिहास सांगायचा तर १८८६ पासून आरंभ करावा लागतो. हायलंड प्रदेशात आणि बेटांवर लहानसा जमिनीचा तुकडा खंडाने कसणारा, आणि कुरणाचा उपभोग गावकीने घेणारा जो रयत वर्ग, त्याला क्रॉफ्टर म्हणतात. कोकणातील खोताच्या गावचे कूळ ज्यांना ठाऊक आहे, आणि १९४८ च्या मुंबई कूळकायद्याची पूर्वपीठिका ज्यांनी वाचली आहे, त्यांना या वर्गाची अवस्था फार समजावून सांगावी लागणार नाही. मेंढपाळीत अधिक उत्पन्न दिसू लागल्यावर जमीनदारांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून गावेच्या गावे रिकामी केली. वहिवाट पिढ्यान्‌पिढ्यांची असली तरी कागदावर हक्क नव्हता, आणि घर स्वतः बांधलेले असले तरी हुकूम निघताच ते सोडावे लागे. १८८२ साली स्काय बेटावरील ब्रेज येथे क्रॉफ्टरांची आणि पोलिसांची झटापट झाली, तेव्हा कोठे सरकारला चौकशीची निकड भासली, आणि १८८३ साली लॉर्ड नेपियर यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला गेला.

या आयोगाच्या पहिल्याच बैठकीतील एक प्रसंग, संसदीय छाननीचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने मनाशी जपून ठेवावा असा आहे. आयोगाने पहिली बैठक राजधानीत भरवली नाही. ती ८ मे १८८३ रोजी त्याच ब्रेज गावी भरवली. पहिला साक्षीदार अँगस स्ट्यूअर्ट हा क्रॉफ्टर उभा राहिला, आणि साक्ष देण्यापूर्वी त्याने एक अट घातली: मी खरे बोललो म्हणून जमीनदार अथवा त्याचा कारभारी मला माझ्या जमिनीवरून हुसकावणार नाही, असे आश्वासन मला आधी मिळावे. आयोगाच्या अधिकारात असे आश्वासन देणे नव्हते. जमीनदाराच्या कारभाऱ्याकडे त्याची विचारणा करावी लागली. त्या एका मागणीने पुढील सर्व साक्षींचा अर्थ उघड केला. ज्या कायद्याखाली माणसाला आपले गाऱ्हाणे सांगण्यापूर्वी अभय मागावे लागते तो कायदा सदोष आहे, हे सिद्ध करण्यास आणखी पुराव्याची गरज नव्हती. त्यानंतर आयोग गावोगाव आणि बेटोबेटी फिरला, शेकडो माणसांच्या जबान्या त्याने नोंदवल्या, आणि पुष्कळांनी त्या गेलिक या आपल्या मातृभाषेत दिल्या.

१८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टरास कबजाची शाश्वती दिली, वाजवी खंड ठरवण्यासाठी आयोग स्थापला, सुधारणांची भरपाई मान्य केली आणि वारसाकडे जमीन सोपवण्याची मुभा दिली. परंतु नेपियर आयोगाचा भर गावकीवर होता, तर कायद्याने हक्क दिले ते एकेका कुळाला. आणि ज्यांच्यापाशी जमीन मुळीच नव्हती त्या भूमिहीनांना त्यातून काहीच मिळाले नाही. साक्ष ऐकण्याची पद्धती उत्तम असूनही ऐकलेले आणि लिहिलेले यांत अंतर पडते, हे तेव्हाच दिसून आले. हे अंतर पुढेही पुन्हा पुन्हा आढळते. क्रॉफ्टविषयक कायदे विसाव्या शतकात आणि त्यानंतरही वारंवार बदलत गेले. १९७६ साली क्रॉफ्टरास आपली जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला. त्या हक्काने कुळाचा मालक झाला, पण मालकी आली तशी विक्रीही आली, आणि घर बांधण्याजोग्या जागेला सुटीत येणाऱ्या श्रीमंतांनी दिलेली किंमत बेटावरील तरुणाच्या आवाक्याबाहेर गेली. म्हणून २०१० च्या कायद्याने क्रॉफ्टर आपल्या जमिनीपासून ३२ किलोमीटरच्या आत राहिला पाहिजे, जमीन त्याने कसली पाहिजे आणि ती ओसाड पडू देता कामा नये, या कर्तव्यांवर जोर दिला. हक्क देणाऱ्या कलमाचा परिणाम तपासण्यास एका पिढीचा काळ गेला. आणि एवढा काळ लहान बेटापाशी नसतो.

१९९९ साली एडिंबरो येथे स्कॉटलंडची संसद पुन्हा भरू लागली, त्या घटनेचे ग्रामीण कायद्याच्या दृष्टीने महत्त्व असे की, लंडनच्या गजबजलेल्या कामकाजात ज्या विषयांना सवड मिळत नसे त्यांना आता स्वतःचे सभागृह लाभले. १२९ सदस्यांच्या या संसदेला दुसरे सभागृह नाही. जेथे वरिष्ठ सभागृह असते तेथे कनिष्ठाने घाईने मंजूर केलेला मसुदा दुसऱ्यांदा वाचला जातो. येथे ते काम समित्यांवर पडते. विधेयक आधी विषयसमितीकडे जाते. ती लेखी निवेदने मागवते, साक्षी घेते, मूलतत्त्वांवर अहवाल देते. दुसऱ्या टप्प्यात कलमवार दुरुस्त्यांचा विचार होतो. तिसऱ्या टप्प्यात संपूर्ण सभागृह अखेरचा निर्णय करते. ग्रामीण व्यवहार आणि बेटे यांच्यासाठी स्वतंत्र समिती आहे. या समितीने प्रश्न विचारला नाही, तर पुढे तो विचारणारे कोणी राहत नाही.

या व्यवस्थेचा कस लागला तो बेटांविषयीच्या २०१८ च्या कायद्यात. २०१३ साली ऑर्कनी, शेटलंड आणि पश्चिम हेब्रिडीज या तीन परिषदांनी एकत्र येऊन बेटांच्या भवितव्याचा प्रश्न उभा केला, त्याच वर्षी शेटलंडच्या लर्विक शहरी सरकारने त्यासंबंधीचा जाहीरनामा काढला, जून २०१७ मध्ये विधेयक मांडले गेले, आणि समितीच्या छाननीतून व दुरुस्त्यांतून जाऊन ते ३० मे २०१८ रोजी एकमताने मंजूर झाले. त्याच्या पहिल्या काही कलमांकडे बारकाईने पाहिले तर छाननी म्हणजे काय ते कळते. बेट म्हणजे काय? निसर्गतः बनलेली, सर्व बाजूंनी समुद्राने वेढलेली आणि भरतीच्या वेळी पाण्यावर राहणारी भूमी. तिला जोडणारे पूल वगैरे मानवनिर्मित बांधकाम या व्याख्येत लेखले जाणार नाही. पूल बांधला म्हणून बेटपण संपत नाही, हे येथे कायद्याने मान्य केले. बेटावरील समाज म्हणजे काय? बेटावर कायम वास्तव्य करणारी दोन अथवा अधिक माणसे, ज्यांना समान हित, समान ओळख अथवा समान भूगोल यांनी एकत्र बांधले आहे. दोन माणसे! संख्येची एवढी लहान अट घालून कायदेकर्त्यांनी सांगितले की, समाज ठरवण्यासाठी शिरगणतीचा मोठा आकडा लागत नाही.

या कायद्याचा गाभा त्याच्या सातव्या आणि आठव्या कलमांत आहे. सरकारने आणि अनेक सार्वजनिक संस्थांनी आपली कामे करताना बेटांवरील समाजाचा विचार केला पाहिजे. आणि एखादे धोरण, योजना अथवा सेवा यांचा बेटांवरील परिणाम अन्यत्र होणाऱ्या परिणामाहून लक्षणीयरीत्या भिन्न असेल असे दिसले, तर त्या परिणामाचे मूल्यमापन आधी तयार केले पाहिजे. नव्या कायद्यांसाठी हेच बंधन मंत्र्यांवर आहे. ‘भिन्न’ याचा अर्थ केवळ मुख्य भूमीहून भिन्न असा नाही; एका बेटाहून दुसऱ्या बेटावर होणारा भिन्न परिणामही त्यात येतो, आणि ही बारीक तरतूद फूला किंवा फेअर आयल यांच्यासारख्यांसाठी मोलाची आहे. ऑर्कनी आणि शेटलंड यांच्या मतदारसंघांना आधीपासून असलेले संरक्षण पश्चिम हेब्रिडीजलाही मिळाले. वस्ती असलेल्या बेटांसाठी एक किंवा दोन सदस्यांचे प्रभाग करण्याची मुभा मिळाली, आणि २०२२ च्या स्थानिक निवडणुकीत ॲरन बेटाला स्वतःचा एकटा प्रतिनिधी निवडता आला. शेटलंडच्या सदस्याने आणलेल्या दुरुस्तीमुळे आणखी एक कलम जोडले गेले. स्कॉटलंडच्या नकाशात शेटलंड त्याच्या खऱ्या जागीच दाखवावे, सोयीसाठी किनाऱ्यालगत चौकटीत बसवू नये, आणि तसे करायचेच असेल तर कारण नमूद करावे, असे बंधन त्याने सार्वजनिक संस्थांवर घातले. ही तरतूद क्षुल्लक वाटणाऱ्यांनी एवढे ध्यानी घ्यावे की, चौकटीत बसवलेले बेट पाहणाऱ्या अधिकाऱ्याला बोटीचा प्रवास किती तासांचा आहे हे नकाशावरून कधीच उमगत नाही.

या कायद्याचे दौर्बल्यही लपवण्याचे कारण नाही. ‘विचार केला पाहिजे’ या शब्दप्रयोगात विचारांती काय करावे याचे बंधन नाही. परिणाम लक्षणीयरीत्या भिन्न आहे की नाही, हे ठरवण्याचे काम बव्हंशी त्याच संस्थेवर सोपवले आहे जिच्या धोरणाची तपासणी व्हायची आहे. आणि मूल्यमापन प्रतिकूल आले तरी सरकारचा हात धरणारी शक्ती त्या कागदात नाही. तरीही कागद तयार करावाच लागतो, तो जाहीर करावा लागतो, आणि समितीतील एखादा दक्ष सदस्य तो हाती घेऊन मंत्र्यास प्रश्न विचारू शकतो. कायद्याने येथे निर्णय बदललेला नाही. प्रश्न विचारण्याचा क्षण मात्र निर्णयाच्या मागून उचलून निर्णयाच्या पुढे ठेवला आहे.

अलीकडच्या दोन प्रसंगांनी या क्षणाचे मोल दाखवून दिले. ज्या बेटांवरील वस्ती ओसरण्याची भीती आहे तेथे राहण्यास अथवा जाण्यास तयार असलेल्या तरुणांना व कुटुंबांना ५०,००० पौंडांपर्यंत रक्कम द्यावी, आणि अशा सुमारे शंभर देणग्या २०२६ पर्यंत द्याव्यात, अशी तजवीज २०२१ साली पुढे आली. हेतू उत्तम होता, रक्कम मोठी होती, आणि जगभरातून विचारणा होऊ लागल्या. परंतु खुद्द बेटांवरील लोकांना विचारले तेव्हा उत्तर आले ते निराळे. भाड्याने घर मिळत नाही, बोट वेळेवर येत नाही, लहान मुलांना सांभाळण्याची सोय नाही. या गोष्टी जशाच्या तशा राहिल्या तर पैसे घेऊन आलेले कुटुंब पैसे संपताच जाईल, आणि कोणत्याही देणगीवाचून इतकी वर्षे तग धरून राहिलेल्या शेजाऱ्याच्या मनात मात्र कायमचे शल्य ठेवून जाईल. २०२२ साली ती तजवीज मागे घेण्यात आली. दुसरा प्रसंग समुद्राचा. स्कॉटलंडच्या निदान दहा टक्के सागरी क्षेत्रात मासेमारीसह सर्व उपसा बंद करणाऱ्या संरक्षित क्षेत्रांची योजना डिसेंबर २०२२ मध्ये लोकांपुढे आली. सागरी जीवसृष्टीचे रक्षण व्हावे याविषयी बेटांवर दुमत नव्हते. परंतु कोणता भाग बंद होणार हे कळण्यापूर्वीच टक्केवारी ठरली होती, आणि चार होड्यांवर जगणाऱ्या गावाला आपल्या वाट्याला काय येणार ते ठाऊक नव्हते. विरोध इतका एकमुखी झाला की २९ जून २०२३ रोजी सरकारने ती योजना सोडून दिली. एका प्रसंगी पैसा देऊ केला होता आणि दुसऱ्या प्रसंगी व्यवसाय आवरता घेण्यास सांगितले होते. दोन्हीकडे दोष एकच की, राजधानीत आकडा आधी ठरला आणि बेटाला नंतर विचारले.

येथे छाननीची एक आधुनिक अडचण सांगितली पाहिजे. हल्ली पुष्कळसे ग्रामीण कायदे सांगाड्याच्या स्वरूपात मंजूर होतात. २०२४ साली मंजूर झालेला शेती आणि ग्रामीण समाजाविषयीचा कायदा असाच आहे. युरोपीय संघातून ब्रिटन बाहेर पडल्यावर शेतकऱ्यांना द्यावयाच्या साहाय्याची नवी चौकट त्याने उभी केली, पण कोणाला किती आणि कोणत्या अटीवर द्यायचे, हा तपशील मंत्र्यांनी मागाहून करावयाच्या नियमांवर सोडला. अशा रचनेस कारणे आहेत, कारण शेतीची परिस्थिती बदलत असते आणि प्रत्येक बदलासाठी नवा कायदा करणे शक्य नसते. परंतु वीस मेंढ्या पाळणाऱ्या क्रॉफ्टरचे भवितव्य मूळ कायद्याच्या उदात्त उद्दिष्टांत ठरत नाही. किमान किती एकरांवर साहाय्य मिळेल, बोटीने जनावरे बाजारात नेण्याचा खर्च धरला जाईल की नाही, अर्ज किती पानी असेल, अशा नियमांच्या उपकलमांत ते ठरते. मूळ विधेयकावर सभागृहात तासन्‌तास चर्चा होते. नियम मात्र समितीपुढे येतात तेव्हा त्यांत दुरुस्ती करण्याची सोय नसते, ते जसेच्या तसे मान्य करावे लागतात किंवा जसेच्या तसे फेटाळावे लागतात. म्हणून ज्याला बेटांची खरी काळजी आहे त्याने मोठ्या कायद्याच्या मंजुरीनंतर निश्चिंत होऊ नये. त्याचे काम तेथून पुढे सुरू होते.

छाननीच्या आणखी एका मर्यादेचा उल्लेख प्रामाणिकपणासाठी आवश्यक आहे. संसद प्रश्न विचारू शकते, अहवाल लिहू शकते, जबाबदारी निश्चित करू शकते. ती बोट बांधू शकत नाही. ॲरनच्या मार्गासाठी २०१५ साली मागवलेली ‘ग्लेन सॅनक्स’ ही नौका २०१८ मध्ये यायची होती, आणि ती उतारू घेऊन निघाली जानेवारी २०२५ मध्ये. दरम्यानच्या वर्षांत चौकश्या झाल्या, मंत्र्यांना उत्तरे द्यावी लागली, हिशेब तपासले गेले. परंतु रद्द झालेल्या फेरीमुळे ज्याची इस्पितळातील भेट हुकली अथवा ज्याचा माल धक्क्यावर राहिला त्याचे नुकसान कोणत्याही अहवालाने भरून निघाले नाही.

शाळेविषयी मात्र कायद्याने भरीव काम केले आहे. २०१० च्या कायद्याने ग्रामीण शाळा बंद करण्याचा विचार करणाऱ्या परिषदेवर तीन गोष्टी तपासण्याचे बंधन घातले: बंद करण्यावाचून दुसरा व्यवहार्य मार्ग आहे काय, गावावर काय परिणाम होईल, आणि मुलांच्या प्रवासाचे काय होईल, आणि पुढे २०१४ साली शाळा बंद न करण्याकडे कायद्याचा कल अधिक स्पष्ट केला गेला. शिक्षणखात्याच्या खर्चाच्या तक्त्यात बसणारी शाळा आणि बेटावर वस्तीचा आधार असलेली शाळा या दोन निराळ्या वस्तू आहेत, ही जाणीव या तीन प्रश्नांत उतरली आहे.

कायद्याने वाट मोकळी करून दिल्यावर लोक स्वतः काय करू शकतात, याचे सर्वोत्तम प्रमाण एग बेटाने दिले. मालकामागून मालक बदलत गेलेले हे बेट १९९७ च्या जूनमध्ये रहिवाशांनी, हायलंड परिषदेच्या आणि एका वन्यजीव संस्थेच्या भागीदारीत, पंधरा लाख पौंडांना विकत घेतले. तेव्हा तेथे साठपासष्ट माणसे होती. पुढे ती संख्या शंभरावर गेली. फेब्रुवारी २००८ मध्ये एगने पाणी, वारा आणि सूर्य यांवर चालणारी स्वतःची वीजयंत्रणा सुरू केली, आणि वाटपाचा नियम ठरवला तो असा की, प्रत्येक घराला एका वेळी पाच किलोवॅटपर्यंत आणि व्यवसायाला दहा किलोवॅटपर्यंतच वीज घेता येईल. कोणा श्रीमंताला जास्त दर भरून जास्त घेण्याची सवलत नाही. सर्वांना पुरावे म्हणून प्रत्येकाने मर्यादेत घ्यावे, हे तत्त्व त्यांनी एका आकड्यात बसवले आणि स्वतःवर लादून घेतले. अल्पवस्तीच्या समाजाला स्वतःसाठी किती सुबुद्ध कायदा करता येतो याचे हे उदाहरण आहे. एगचे खरेदीखत झाले तेव्हा स्कॉटलंडची संसद अस्तित्वात नव्हती; २००२ साली गीआ बेटही तेथील रहिवाशांनी घेतले; आणि २००३ च्या भूमिसुधारणा कायद्याने गावकीला जमीन विकत घेण्याचा अग्रहक्क मिळाला. येथे अनुभव आधी आला आणि कायदा त्याच्या मागून. ग्रामीण विधानाचा हा आदर्श क्रम म्हणावा लागेल.

त्याच हक्काच्या बळावर २०१८ साली अल्वा हे बेट स्थानिक समाजाच्या मालकीचे झाले. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुमारे सहाशे माणसे असलेल्या अल्वावर तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे उरली होती. न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर म्हणून ख्यातकीर्त झालेल्या लॅक्लन मॅक्वारीचा जन्म या बेटावरचा. आणि त्याच्या लष्करी चाकरीची पुष्कळ वर्षे मुंबईत गेली, तेथेच १७९३ साली त्याचा पहिला विवाह झाला. या बेटांनी साम्राज्याला सैनिक, खलाशी आणि कारभारी पुरवले, आणि त्या बदल्यात त्यांच्या वाट्याला रिकामी घरे आली. मुंबईच्या इतिहासात भेटणाऱ्या कित्येक स्कॉट नावांच्या मागे असे एखादे ओसरलेले गाव उभे आहे.

इतके विवेचन झाल्यावर एक आक्षेप विचारात घ्यावा लागतो, आणि तो घेणारे लोक निर्दय नसतात. पन्नास माणसांसाठी धक्का, वीज, शाळा, परिचारिका आणि विमान यांवर एवढा खर्च कशासाठी? त्याच पैशात शहरातील सहस्रावधींचे कल्याण होणार नाही काय? यावर पहिले उत्तर असे की, बेटांकडे केवळ घेणारी म्हणून पाहणे वस्तुस्थितीस धरून नाही. १९७४ साली ब्रिटिश संसदेने शेटलंडच्या परिषदेसाठी एक स्वतंत्र कायदा केला, आणि उत्तर समुद्रातील खनिज तेल ज्या बंदरातून जाणार होते त्यावर परिषदेस अधिकार दिले. त्या एका कायद्याच्या जोरावर शेटलंडने तेल कंपन्यांशी बरोबरीच्या नात्याने बोलणी केली आणि मिळालेल्या उत्पन्नातून आपल्या लोकांसाठी निधी उभारला. दुसरे उत्तर असे की, माणसाला मताचा हक्क देताना आणि कर आकारताना आपण त्याच्या गावची लोकसंख्या विचारत नाही. मग सेवा देतानाच ती का विचारावी? ऑक्टोबर २०१८ पर्यंत फेअर आयलवर वारा पडला की रात्री वीज नसे. विसाव्या शतकात संपूर्ण देशाला जे मिळाले ते त्यांना एकविसाव्यात मिळाले, याला औदार्य म्हणण्याचे कारण नाही. ते थकलेले देणे होते. तिसरे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. कायद्यातील दोष दाट वस्तीत लवकर दिसत नाही, कारण तेथे माणसे अनेक मार्गांनी त्याला वळसा घालतात. लहान बेटावर वळसा घालायला जागा नसते, म्हणून दोष तेथे प्रथम आणि स्पष्ट दिसतो. बेटाच्या दृष्टीने तपासलेला मसुदा दुर्गम डोंगराळ गावासाठी, आणि शहरातील एकाकी वृद्धासाठीही, अधिक निर्दोष ठरतो.

प्रत्येक बेटावरील वस्ती कायद्याने टिकेल असा दावा मी करीत नाही. माणसांना जाण्याचा हक्क आहे, आणि सेंट किल्डाच्या रहिवाशांनी तो स्वतः मागून घेतला होता; त्यांच्या निर्णयाचा अनादर करून त्यांना तेथे अडकवून ठेवण्यात कोणतेही पुण्य नव्हते. परंतु जाणे हा निर्णय असावा, नाइलाज असू नये, एवढी जबाबदारी राज्यसंस्थेवर निश्चित येते. डिसेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या राष्ट्रीय बेट-आराखड्यात तेरा उद्दिष्टे होती, आणि लोकसंख्येची घट थोपवणे हे त्यांतील पहिले होते. ते तेथे पहिले असणे योग्यच आहे. आणि त्याची प्रगती दरवर्षी संसदेपुढे ठेवण्याचे बंधन कायद्यात आहे, हे त्याहून योग्य आहे.

पुढील प्रकरणांत भूधारणा, मासेमारी, घरे, शाळा, बोटी आणि स्थानिक कारभार या विषयांवरील कायद्यांचा क्रमाने परामर्श घेतला आहे. वाचकाने प्रत्येक ठिकाणी तीन प्रश्न मनाशी धरावेत: हे कलम लिहिताना कोणाला विचारले, विचारले ते केव्हा, आणि मंजुरीनंतर त्याचा परिणाम कोणी जाऊन पाहिला? या तीन प्रश्नांची उत्तरे दप्तरात सापडतात, फक्त ती मागावी लागतात. मसुदा हाती येईल त्या दिवशीच सर्वांत लहान वस्तीला विचारण्याचे बंधन संसदेने स्वतःवर घालून घेतले, तर तेवढ्यानेच बेटे वाचतील असे नाही. परंतु ते बंधन नसेल तर अनुदाने, आराखडे आणि घोषणा यांपैकी कशानेही ती वाचणार नाहीत, असा माझा विचारपूर्वक निष्कर्ष आहे.